व्हेगासची नवी रेस्टॉरंट्स: पहिल्यांदा जाताय?

पहिल्याच ट्रिपला पाच बुकिंगं नकोत, दोन पुरेत. एक स्ट्रिपवर, म्हणजे मोठ्या कॅसिनो-हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावर: डिसेंबर 2023 मध्ये उघडलेल्या फाँटेनब्लो या कॅसिनो-हॉटेलातलं 'मदर वुल्फ', रोमन पास्त्यासाठी. दुसरं आर्ट्स डिस्ट्रिक्ट या डाउनटाउनजवळच्या भागात. माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथेच.

नवखे हमखास चुकतात ते असं:

- शनिवारी रात्री आठचंच टेबल मागतात. साडेपाचचं बघा, किंवा दोघंच असाल तर बारवर बसा.
- मेनूतल्या दरावर हिशोब करतात. वर 8.375 टक्के कर आणि 18-20 टक्के टिप धरा. मोठ्या ग्रुपच्या बिलात टिप बऱ्याचदा आधीच लावलेली असते. ती ओळ वाचली नाही तर दोनदा द्याल.
- 'समोरच तर दिसतंय' म्हणत चालत निघतात. कॅसिनोतून बाहेर पडण्यातच वेळ जातो.

शाकाहारी असाल तर बुकिंगमध्येच लिहा: मासा, अंडं, चिकन स्टॉक, काहीच नको. नुसतं 'व्हेज' म्हटलंत तर सूपमध्ये स्टॉक येऊ शकतो.