क्वार्टर म्हणजे काही पिणं आहे का?

तुमचा प्रश्न: “एकाच बैठकीत भरपूर दारू पिणं ही खरंच गंभीर समस्या आहे की उगाच केलेला बाऊ? राजकीय पक्षांचं यावर एकमत का होत नाही, आणि खरं कोणाचं मानायचं?”

मी मूळचा वरोऱ्याचा, जिल्हा चंद्रपूर. दारूबंदी लागताना पाहिली, उठतानाही पाहिली. मी स्वतः अधूनमधून घेतो. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर खाली कुणीतरी विचारणारच.

आधी ‘भरपूर’ म्हणजे किती ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात गेल्या ३० दिवसांत एकदा जरी एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त शुद्ध अल्कोहोल पोटात गेलं, तर ते अतिमद्यपान. आता आपली साधी क्वार्टर घ्या. १८० मिली, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे ७७ मिली. वजन केलं तर ६१ ग्रॅमच्या आसपास. माझ्या मामाला हा हिशेब सांगितला तर तो हसायलाच लागला. “क्वार्टर म्हंजे काही पिणं आहे का बे?” त्याच्या दृष्टीने तो रोज ‘लिमिटमध्ये’ घेतो. मामा काही एकटा नाही. पिणाऱ्या कुणालाही विचारा, क्वार्टर हे मोजण्याचं सर्वात लहान माप असल्यासारखंच तो बोलेल.

राजकारण्यांचंही तसंच आहे. त्यांचं भांडण दारू असावी की नसावी यावर होतं. एका वेळेला किती, यावर विधानसभेत भांडण झालेलं मला तरी आठवत नाही.

आमच्या जिल्ह्याचंच बघा. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, वर्धा तर गांधीजींचा जिल्हा म्हणून त्याच्याही आधीपासून कोरडा. मधे आमचा चंद्रपूर ओला. डिसेंबर २०१० मध्ये दारूबंदी मागणाऱ्या श्रमिक एल्गार संघटनेच्या बायका चिमूरहून नागपूरला अधिवेशनावर चालत गेल्या. त्यांची मागणी काही नैतिकतेच्या गप्पांची नव्हती. पगाराच्या दिवशी नवरा घरी काय घेऊन येतो आणि कुठल्या अवस्थेत येतो, इतकी ती रोकडी होती. १ एप्रिल २०१५ पासून युती सरकारने बंदी लागू केली, सुधीर मुनगंटीवार पालकमंत्री असताना. मग सरकार बदललं. बंदीचा आढावा घेणाऱ्या रमानाथ झा समितीचा अहवाल आला आणि २७ मे २०२१ ला महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने बंदी उठवली. तेव्हा पालकमंत्री विजय वडेट्टीवार होते. कारण दिलं, अवैध दारू आणि गुन्हेगारी वाढली, बायका-मुलंही त्या धंद्यात ओढली गेली. गडचिरोलीत काम करणारे डॉ. अभय बंग वगैरे मंडळींनी कडाडून विरोध केला.

तुम्ही विचारता खरं कोणाचं. मला विचाराल तर दोघांचंही, आणि हे मी गुळमुळीत बोलायचं म्हणून बोलत नाही. माझी मोठी आई अजून गावीच राहते. ती म्हणायची, “दुकान डोळ्यासमोर नाही तं पगार घरापर्यंत तरी येते.” पहिलं वर्ष-दीड वर्ष आमच्या गल्लीत रात्री खरोखर शांत गेल्या. पण त्याच काळात मी पाटाळ्याच्या पुलावरून येणाऱ्या मोटारसायकली पाहिल्या. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो, वणी तालुका, तिथे बंदी नाही. बाटली आणावी तर पोलीस पकडतात. मग पोरं पोटातच भरून आणायची! घरी आणून दोन दिवस पुरवली असती ती दारू नदीकाठी तासाभरात संपवायची आणि तशीच गाडीला किक मारायची. बंदीने पिणारे कमी केले असतील, पण जे उरले त्यांची एका बैठकीतली मात्रा वाढवली असा माझा अनुभव आहे. बंदीवाले हे बोलत नाहीत. बंदी उठवणारे अवैध दारूबद्दल बोलले आणि महसुलाबद्दल बोलले, पण दुकानं उघडल्यावर मामासारख्यांचं काय करायचं यावर तेही गप्प.

आता राज्याच्या पातळीवर या. २७ जानेवारी २०२२ ला आघाडी सरकारने हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. विरोधात असलेल्या फडणवीसांनी ‘मद्यराष्ट्र’ म्हणून टीका केली, अण्णा हजारे उपोषणाच्या तयारीत, आणि सत्ताधाऱ्यांकडून संजय राऊत सांगत होते की वाइन म्हणजे दारू नाही. महिनाभर राज्य यावर भांडलं. पुढे जून २०२५ मध्ये, फडणवीस मुख्यमंत्री असताना, भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं (आपली नेहमीची व्हिस्की-रम) उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या ३ पटीवरून साडेचार पट केलं. अपेक्षा वर्षाला १४,००० कोटी जादा महसुलाची. किमान किमतींचा जो तक्ता निघाला त्यात देशी ८० रुपये, विदेशी २०५ रुपये, आणि ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा, राज्यातच धान्यापासून बनणारा नवाच प्रकार १४८ रुपये. हे सगळे भाव १८० मिलीचे. म्हणजे सरकारचंही माप क्वार्टरच. गंमत म्हणजे दारू महाग केली की पिणं कमी होतं, हा आरोग्यवाल्यांचा जगभरचा जुना युक्तिवाद आहे. पण आपल्याकडे भाव वाढवले ते तिजोरीसाठी, आणि त्याच वेळी विदेशीच्या खालोखाल स्वस्त पर्यायही उभा केला. स्कॉटलंडने २०१८ मध्ये अल्कोहोलच्या प्रत्येक युनिटमागे (म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोलमागे) किमान ५० पेन्स भाव ठरवला, २०२४ मध्ये तो ६५ पेन्स केला. वादावादी तिथेही झाली, व्हिस्कीवाले पार सुप्रीम कोर्टात गेले आणि हरले. पण तिथे भाव बाटलीला नाही, आतल्या अल्कोहोलला लावलाय. फरक कळला का?

आणि ३१ डिसेंबर. उत्पादन शुल्क खातं परमिट रूमना पहाटे पाचपर्यंत सूट देतं आणि गृहखातं त्याच रस्त्यावर नाकाबंदी लावून तोंडात नळी घालतं. सरकार एकच.

एकमत न होण्याचं कारण मला साधं वाटतं. ‘बंदी’ हा शब्द मतं मिळवून देतो, ‘महसूल’ हा शब्द अर्थसंकल्प भागवतो. ‘दोन पेगवर थांबा’ म्हणण्याने यातलं काहीच होत नाही. वर अनेक गावांत परवाना कुणाच्या मेव्हण्याच्या नावावर आहे ते सगळ्यांना माहीत असतं.

एक मार्ग मात्र पक्षांवाचून उघडा आहे. वॉर्डातल्या किंवा गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दारूचं दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेता येतं. चिन्ह दोनच, उभी बाटली आणि आडवी बाटली. पण दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात, नुसत्या आलेल्यांपैकी नव्हे. त्या दिवशी शेतात निंदायला गेलेली बाई आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. मोठ्या आईच्या वॉर्डात सध्या सह्या गोळा करणं चालू आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोन्ही पक्षांच्या ताई येऊन वाण देऊन गेल्या. सह्यांच्या कागदाला कुणी हात लावला नाही.