आधी ढील द्यायला शिक

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. उजनी धरणाच्या पाण्यावर काइटबोर्डिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर पायाखाली फळी घेऊन पाण्यावरून सरकणं, करायचं तुझं ठरलंय आणि किती मीटरचा (म्हणजे किती चौरस मीटर कापडाचा) काइट घेऊ, असं तू विचारलंयस. काइटवर येतोच, पण आधी तुझ्या हातांबद्दल बोलू. गच्चीवर पतंग उडवून मोठा झालेला माणूस काही बिघडतंय असं वाटलं की मांजा खेचतो. काइटवर हीच सवय जिवावर बेतते. बार, म्हणजे दोऱ्या बांधलेला हातातला आडवा दांडा, छातीकडे ओढला की मागच्या दोन दोऱ्या ताणल्या जातात, कापड वाऱ्याला जास्त भिडतं आणि ओढ वाढते. बार पुढे सोडला की ओढ कमी होते. घाबरून बार खेचणं म्हणजे लक्ष्मी रोडच्या गर्दीत ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर पिळणं. म्हणून पहिले काही आठवडे हातांना एवढंच शिकव: घाबरल्यावर ढील.

समुद्रावर वारा सपाट पाण्यावरून येतो, म्हणून तो बराच एकसारखा असतो. आपल्याकडचा वारा डोंगर, ऊस, वस्त्या, बांध ओलांडून येतो आणि तुकड्यातुकड्यांत पोचतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, हे पाठच करून ठेव. १२ नॉटचा वारा १८ वर गेला की ओढ सव्वादोन पट होते, २४ वर गेला की चौपट. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.) समुद्रावर १५ ते १७ मध्ये खेळणारा वारा तलावावर त्याच दुपारी १० ते २० मध्ये उड्या मारतो. त्यामुळे इथे काइट सरासरीकडे बघून निवडायचा नाही, झोतांकडे बघून निवडायचा.

काठावर पोचल्यावर वाऱ्यात अर्धा तास उभा राहा. धूळ आणि सुटे कागद उडताहेत, बाभळीच्या बारीक फांद्या हलताहेत, म्हणजे साधारण ११ ते १६ नॉट. लहान झाडं पूर्ण डोलताहेत आणि तलावाच्या लाटांना पांढरे तुरे आलेत, म्हणजे १७ ते २१. शिकाऊ माणसाने १२ ते १८ मध्येच पाण्यात उतरावं. हातातला वारामापक जवळ असू दे, पण त्यावर दहा मिनिटांतला सर्वात मोठा आणि सर्वात लहान आकडा बघ. मोठा आकडा लहानाच्या दीडपटीहून जास्त असेल, तर त्या दिवशी काठावर सराव कर, पाण्यात जाऊ नकोस.

आता जागा. खडकवासला मनातून काढून टाक. ते पुणे शहराचं पिण्याचं पाणी आहे, एका काठाला एनडीए ही लष्करी प्रबोधिनी आहे आणि रविवारी चौपाटीवर पाय ठेवायला जागा नसते. पानशेत आणि वरसगाव या अरुंद दऱ्या आहेत, तिथे वारा वळणावळणाने येतो. पवना दिसायला सुंदर, पण तुंग, तिकोना, लोहगड यांच्या कुशीत. डोंगराच्या मागे त्याच्या उंचीच्या निदान सात-आठ पट अंतरापर्यंत वारा गढूळ राहतो. पाण्यापासून चारशे मीटर उंच डोंगर म्हणजे तीन किलोमीटरचा गढूळ पट्टा, आणि तेवढ्यात तलावच संपतो. उरते उजनी. पसरट पाणी, उघडा मुलूख आणि काठावर फारसं उंच काही नाही. तुझी निवड बरोबर आहे.

पण उजनीचा काठ दर आठवड्याला वेगळा असतो. मे-जूनमध्ये उपयुक्त पाणी संपून साठा वजा टक्क्यांत जातो, पाणी अर्धा-अर्धा किलोमीटर मागे सरकतं आणि गाळाची सपाट मैदानं उघडी पडतात. काइट मांडायला ती उत्तम. मात्र पाण्याखाली जुन्या गावांच्या भिंती, विहिरी आणि झाडांचे बुंधे आहेत. पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात वर येतं, म्हणून निदान ते तरी दिसतं. पावसाळ्यात दौंडकडून धरणात येणारा विसर्ग वाढला की गेल्या आठवड्यात तू चालत गेलास ती जागा गळ्याइतकी खोल झालेली असते. म्हणून प्रत्येक वेळी नव्याने, काठी घेऊन, पाण्यात चालून बघ: छातीइतक्या खोलीपर्यंत, काठालगत निदान दीडशे मीटर. अनवाणी जाऊ नकोस, पातळ तळव्याचे घट्ट बूट घाल. गाळात पाय गुडघ्यापर्यंत रुतला तर ती जागा सोड, कारण काइट ओढत असताना पाय अडकला तर गुडघा जातो.

सकाळी आधी मासेमारी करणाऱ्यांशी बोल. नायलॉनची जाळी पाण्यात दिसत नाहीत, दिसतात ते फक्त थर्माकोलचे तुकडे आणि रिकाम्या बाटल्या. कुठे जाळी, कुठे बुंधे, कुठे अचानक खड्डा, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. ते पाणी त्यांच्या पोटाचं आहे, आपण पाहुणे. हार्नेसला, म्हणजे काइट ज्याला जोडतात त्या कमरपट्ट्याला, दोरी कापायची आकड्यासारखी सुरी कायम अडकवलेली ठेव. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं, तेव्हा उतरण्याआधी तिथल्या कार्यालयात लेखी विचार आणि गावात सांगून ठेव. आणि पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून याच धरणात येतं, हे विसरू नकोस. उघडी जखम असेल तर उतरायचं नाही, तोंडात पाणी जाऊ द्यायचं नाही, घरी आल्यावर साबणाने अंघोळ.

हंगामाचं म्हणशील तर हिवाळ्यात वारा पडलेला असतो. मार्चनंतर दुपारी तीन-चारच्या सुमाराला पश्चिमेचा वारा धरतो. जून-जुलैत भिगवण-इंदापूर पट्ट्यात पाऊस बेताचा आणि वारा दिवसभर, पण तो नवशिक्यासाठी बहुधा जास्तच. एप्रिल-मेमध्ये भीती वळवाची. तापलेल्या दुपारी लांबवर कोबीसारखा ढग चढत असेल, वारा एकदम थांबला किंवा उलटा वाहू लागला, मातीचा वास आला, क्षितिजावर धुळीची भिंत दिसली, यातलं एकही दिसलं तर काइट खाली आणि हवा बाहेर. ढग अजून दहा किलोमीटरवर आहे असं म्हणून थांबू नकोस, झोत ढगाच्या पुढे धावतो. २०२४ च्या मे महिन्यात याच धरणात कुगाव आणि कळाशीच्या मध्ये वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटली आणि सहा जण गेले. विजेचं तर सांगायलाच नको: २० ते २४ मीटरच्या ओल्या दोऱ्या आभाळात आणि तू पाण्यात.

पहिले धडे मात्र उजनीवर घेऊ नकोस, आणि व्हिडिओ बघून तर मुळीच नको. रामेश्वरमला किंवा गोव्याला मान्यताप्राप्त शिक्षकाकडे नऊ ते बारा तास शिकून ये. तिथे वारा एकसारखा असतो आणि चूक झाली तर धरायला माणूस असतो. जाण्याआधी इथे अडीच-तीन मीटरचा सरावाचा काइट घेऊन विजेच्या तारा नसलेल्या माळावर आठ ते बारा नॉटमध्ये रोज अर्धा तास उडव. आकाशाचं घड्याळ कर: डोक्यावर बारा, डावीकडे नऊ, उजवीकडे तीन. नऊ आणि तीनला काइट शांत असतो, बाराला उभा राहतो आणि मधल्या पोटातून, म्हणजे तुझ्या समोरच्या भागातून, जाताना ओढतो. इंग्रजी आठचा आकडा आडवा काढ, मग काइटकडे न बघता काढ, मग एका हाताने. हे जमलं की शिक्षकाकडचे दोन तास वाचतात.

काइट: तुझं वजन ६५ ते ७० किलो धरलं तर १५ नॉटला १२ मीटर, २० नॉटला ९ मीटर. एकच घ्यायचा तर आधी ९ चा. कमी वाऱ्याच्या दिवशी नुसतं बसावं लागेल, ते चालेल. बोर्ड १४० सेंटिमीटरच्या पुढचा, रुंद. बोर्डाला दोरीने स्वतःशी बांधू नकोस, तो उलटून डोक्यात बसतो. हेल्मेट आणि फ्लोटेशन जॅकेट यात तडजोड नाही. गोड्या पाण्यात शरीर खाऱ्या पाण्यापेक्षा कमी तरंगतं. जुना काइट घेत असशील तर विक्रेत्यासमोर फुगवून रात्रभर तसाच ठेवायला सांग. सकाळी पुढची नळी मऊ पडली असेल तर आत कुठेतरी गळती आहे, बहुधा बाभळीचा काटा लागलेला. ब्लॅडर, म्हणजे नळीच्या आतली हवेची पिशवी, बाहेर काढून पाण्याच्या बादलीत बुडवला की सायकलच्या ट्यूबसारखे बुडबुडे येतात आणि पॅच बसतो. कापड बोटांत चोळल्यावर कागदासारखं कुरकुरत नसेल, जुन्या रुमालासारखं लुळं झालं असेल, तर घेऊ नकोस.

हवा ६ ते ८ पीएसआय भर. टिचकी मारल्यावर ढोलकीसारखा टणक आवाज यायला हवा. हवा कमी राहिली तर झोतात नळी मधून दुमडते आणि काइट वळायचं नाव घेत नाही. उजनीच्या काठावर वाळू नाही, म्हणून फुगवलेला काइट दाबून ठेवायला जाड कापडाच्या दोन पिशव्या ने आणि त्यात भुसभुशीत माती भर. दगड ठेवलास तर कापड गेलंच. वाळलेल्या गाळाची ढेकळंही सुरीसारखी धारदार असतात, खाली ताडपत्री अंथर.

दोऱ्या चार. पुढच्या दोन आत, मागच्या दोन बाहेर. बारपासून काइटपर्यंत बोटांच्या मधून एकेक दोरी सरकवत दोनदा चाल. उडताना बारची लाल बाजू डाव्या हातात. पुढची-मागची दोरी अदलाबदल झाली तर उचलताक्षणी काइट आकाशाच्या त्या मधल्या पोटात घुसतो आणि तुला फरफटत नेतो. बरेच मोठे अपघात पाण्यात नाही, जमिनीवर होतात.

आता क्विक रिलीज. बारजवळचा हा लाल भाग ढकलला की काइट सेफ्टीच्या एका दोरीवर लटकतो आणि ओढ जवळजवळ संपते. उजनीचा गाळ पिठासारखा बारीक आहे. तो या भागाच्या खोबणीत शिरतो, उन्हात वाळतो आणि सिमेंटसारखा धरतो. घरी स्वच्छ वाटणारा रिलीज ताणाखाली सरकत नाही, तो यामुळे. दर वेळी निघताना गोड्या स्वच्छ पाण्याने तो भाग धू आणि पुढच्या वेळी काइट जोडण्याआधी दोन-तीनदा प्रत्यक्ष सोडून बघ, अंगाचा भार देऊन. क्रमही पाठ हवा: पहिलं बार सोड, मग रिलीज ढकल, तरीही ओढत असेल तर लीशही, म्हणजे तुला त्या दोरीशी जोडणारा पट्टाही, सोड. काइट गेला तर जाऊ दे.

काइट उचलायला कायम जाणकार माणूस हवा, एकट्याने नाही. वारा जातो त्या बाजूला शंभर मीटर मोकळं हवं, म्हणजे झाड नाही, गाडी नाही, बघे नाहीत. गावातली मुलं जमतात, त्यांना प्रेमाने वारा येतो त्या बाजूला, तुझ्या मागे बसव. मदतनीस वाऱ्याशी काटकोनात काइट धरून उभा. कापड फडफडत असेल तर तू वारा येतो त्या दिशेला एकेक पाऊल सरक, कापड भरलं की थांब. आणि अंगठा वर करण्याआधी चारही दोऱ्यांवरून एकदा नजर फिरव. वर गेल्यावर डोक्यावर ठेवायचा मोह होतो, पण झोताच्या वाऱ्यात तिथूनच तो तुला उचलतो. काठापाशी असताना दहा किंवा दोनच्या खाली ठेव आणि लगेच पाण्यात उतर.

पाण्यात बोर्डाशिवाय ओढलं जाणं आधी पक्कं कर. एक हात बारवर, दुसरा पाण्यात नांगरासारखा ताठ रोवून वारा येतो त्या दिशेला तिरकं जाता यायला हवं. बोर्ड सुटला की तो वारा येतो त्या बाजूला, मागेच राहतो. तलावात लाट नाही, त्याला तुझ्याकडे कुणी आणून देणार नाही.

बोर्डावर उभं राहताना चूक ठरलेली असते: काइट झेपावला की दोन्ही पाय ताठ करायचे आणि बार ओढायचा. मागचा गुडघा छातीशी वाकलेला ठेव, काइटला आपल्याला उचलू दे, नजर पुढच्या काठावर. आणि वारा पडला की? इथेही हात खेचायला धावतात. काइट जड झालाय, पडतोय, म्हणून बार ओढला की कापडावरचा वाऱ्याचा प्रवाह तुटतो आणि काइट पाठीमागे कोसळतो. बार सोडला की तो पुढे सरकून स्वतःच सावरतो. झोतात ढील आणि पडत्या वाऱ्यातही ढील, म्हणून पत्राची सुरुवात तिथून केली.

पडलेल्या काइटकडे पोहत जाऊ नकोस, सैल दोरी पायाला गुंडाळते. ताणलेल्या दोरीला उघडा हातही लावू नकोस, ती बोट कापते. वारा गेला तर स्वतःला कसं सोडवायचं, हे कमरेइतक्या पाण्यात आधी तीनदा कर: रिलीज सोड, सेफ्टीची एकच दोरी धरून बारपर्यंत पोच, तीच दोरी आधी पाचेक मीटर बारवर गुंडाळून गाठ मार, म्हणजे ती बाकीच्यांपेक्षा आखूड राहते आणि काइटला पुन्हा ताकद मिळत नाही. मग चारही दोऱ्या एकत्र गुंडाळत काइटपर्यंत जा, गाठ मार, काइट उलटा करून त्यावर छाती टेक आणि दोन्ही टोकं धरून वाऱ्याबरोबर काठाला ये. फुगलेला काइट हीच तुझी होडी, तो सोडून पोहायला निघू नकोस. सुरुवातीला या सगळ्याला वीस मिनिटं लागतील. दहा मिनिटांत जमेपर्यंत छातीपेक्षा खोल पाण्यात जायचं नाही.

रामेश्वरमचं ठरलं की कळव. हार्नेस इथूनच घालून बघून ने, बरगड्यांवर सरकणारा हार्नेस पहिले दोन दिवस वाया घालवतो.

तुझा,
दादा

ता. क. नोव्हेंबर ते मार्च भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला रोहित पक्षी आणि पट्टकादंब उतरलेले असतात. डोक्यावरून एवढं मोठं कापड फिरलं की त्यांना तो शिकारी पक्षी वाटतो आणि सगळा थवा चरणं सोडून उठतो. त्या दिवसांत वाराही नसतो. तेव्हा दुर्बीण घेऊन जा, काइट घरी ठेव.