गेम लावला की पीसीचा पंखा घोंघावतो, नवा पंखा घ्यावा का?

तुमची अडचण थोडक्यात अशी: रायझन ५ ५६०० प्रोसेसर (सीपीयू), त्याच्याच खोक्यात आलेला कूलर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, पीसी दोन वर्षांचा. एरवी शांत, पण गेम लावून पाच मिनिटं झाली की हेडफोन घालूनही आवाज ऐकू येतो.

पंखा लगेच विकत घेऊ नका. बेअरिंग गेलेला पंखा गेम नसतानाही आवाज करतो. सकाळी थंड पीसी चालू केला की पहिली दोन-चार मिनिटं तर हमखास खरखरतो. तुमचा आवाज फक्त गेममध्ये चढतो, म्हणजे पंखा शाबूत आहे. एक तर उष्णता जास्त तयार होतेय, नाही तर वेग वाढवायची सूचना त्याला फार लवकर मिळतेय.

आधी कोणता पंखा ते शोधा. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, फक्त सेन्सर दाखवणारा पर्याय निवडा आणि १५ मिनिटं गेम खेळून सीपीयू आणि कार्डाचं तापमान आणि प्रत्येक पंख्याचा आरपीएम (मिनिटाला फेरे) बघा. मग गेम बंद करून एमएसआय आफ्टरबर्नर या कार्ड नियंत्रित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचे पंखे हाताने ७० टक्क्यांवर न्या. तोच आवाज आला तर कार्ड, नाही तर बहुतेक सीपीयू कूलर. फिरत्या पंख्यात बोट किंवा पेन घालून तपासायची गरज नाही.

आवाजाची जातही ओळखा. सूं-सूं म्हणजे नुसती हवा. टक-टक-टक आणि वेग वाढला की टक-टकही जलद, म्हणजे एखादी केबल पात्याला लागतेय. झिप टायने मागे ओढून बांधा. बारीक, किडा किरकिरल्यासारखा आवाज, जो गेमच्या मेनूमध्ये एफपीएस (सेकंदाला तयार होणाऱ्या फ्रेम) शेकड्यांत गेले की चढतो, तो पंख्याचा नसून कार्डावरच्या कॉइलचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांचा असतो. पंखा बदलून तो जाणार नाही.

आता उपाय. मी नेहमी उष्णता कमी करण्यापासून सुरुवात करायला सांगतो, कारण त्याला पैसे लागत नाहीत. मॉनिटर ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० फ्रेम दाखवणारा) असेल आणि गेम १४० एफपीएसने पळत असेल, तर निम्म्याहून जास्त फ्रेम तुम्हाला दिसतच नाहीत, पण वीज त्या खातात आणि तापवतातही. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधल्या ‘मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज’मध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ मॉनिटरच्या हर्ट्झइतका ठेवा. ३०६० कार्ड १७० वॉटपर्यंत खेचतं. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्के केलं की तेच १३६ वॉटवर येतं आणि एफपीएस थोडेच कमी होतात. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं.

कूलरचा आवाज गेममध्ये सारखा वर-खाली होत असेल तर दोष पंख्याच्या कर्व्हचा, म्हणजे किती तापमानाला किती वेग हे ठरवणाऱ्या आलेखाचा. रायझनचं तापमान क्षणात १०-१५ अंश उसळतं आणि लगेच खाली येतं. पंखा प्रत्येक उसळीमागे धावतो. कानाला त्रास होतो तो या चढ-उताराचाच. बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन सीपीयू फॅनचे बिंदू साधारण असे ठेवा: ५० अंशांना ३० टक्के, ६५ ला ४५, ७५ ला ६०, ८२ ला ८०, ८८ ला १००. जवळच ‘स्टेप अप’ किंवा ‘स्मूदिंग’ नावाची वेळ असते, ती शक्य तेवढी वाढवा. या प्रोसेसरची मर्यादा ९० अंशांची आहे, त्यामुळे गेममध्ये ७५-८० दिसले तर घाबरू नका. वेग २,५०० वरून १,९०० आरपीएमवर आला तर हवा चोवीस टक्के घटते, पण आवाज जवळपास ६ डेसिबलने उतरतो. सौदा चांगला आहे.

कॅबिनेटचे पंखे कायम पूर्ण वेगाने फिरत असतील तर त्यांच्या प्लगमधल्या पिना मोजा. तीन पिनांचा पंखा असेल तर बायोसमध्ये तो हेडर (पंखा जोडायची मदरबोर्डावरची जागा) डीसी मोडवर, म्हणजे विजेचा दाब कमी-जास्त करून वेग बदलणाऱ्या पर्यायावर हवा. चार पिनांच्या पंख्यांसाठीच्या पीडब्ल्यूएम मोडवर राहिला तर वेग कमी होतच नाही.

कॅबिनेट गुदमरतंय का, याची परीक्षा सोपी आहे. बाजूचं झाकण काढून तोच गेम १५ मिनिटं खेळा. तापमान ५ अंशांहून जास्त उतरलं तर हवा आत येत नाहीये: पुढची जाळी धुळीने भरलेली, पुढे बंद काच, नाही तर कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात कोंबलेलं. मागे १०-१५ सेंटिमीटर जागा सोडा. खोलीचं तापमान जेवढं वाढतं, साधारण तेवढंच चिपचंही वाढतं. म्हणून नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यातले आकडे जानेवारीच्या आकड्यांशी ताडून बघू नका.

धूळ काढताना मेनचं बटण बंद, वायर काढलेली. ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते ठरल्यापेक्षा कितीतरी जोरात फिरतं आणि बेअरिंग जाऊ शकतं. फटीतल्या धुळीसाठी रंगकामाचा मऊ ब्रश पुरतो.

एवढं करूनही सीपीयू ८५ च्या वर जात असेल तर थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदला, पण घाई करू नका. आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, मग पीसी बंद करून कॅबिनेट आडवं करा. कूलरचे चार स्क्रू तिरप्या क्रमाने, एकेकाला दोन-दोन फेरे देत सैल करा. मदरबोर्डाच्या मागची प्लेट याच चार स्क्रूंवर उभी असते, म्हणून मागून हाताचा आधार द्या. कूलर सरळ वर ओढू नका. आधी डावी-उजवीकडे हलकेच पिरगाळा, चिकट धरलेली पेस्ट सुटल्याचं हाताला जाणवतं, मगच उचला. सरळ ओढला तर एएम४ सॉकेटमध्ये (या प्रोसेसरच्या मदरबोर्डावरच्या खाचेत) लिव्हर बंद असूनही प्रोसेसर कूलरला चिकटून उपटून येऊ शकतो आणि खालच्या पिना वाकू शकतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मधोमध मसुरीपेक्षा थोडा मोठा ठिपका टाका आणि पुन्हा तिरप्या क्रमानेच आवळा.

ग्राफिक्स कार्ड मात्र वॉरंटीत असेल तर उघडू नका. त्यातले थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) नेमक्या जाडीचे असतात; जाड पॅड बसवला तर हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा) चिपला टेकतच नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढतं.

पैसे खर्चायचेच असतील तर नुसता पंखा न घेता १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर घ्या. सोबत आलेल्या कूलरचा हीटसिंक छोटा आहे, त्यावर कितीही चांगला पंखा लावला तरी तो जोरातच फिरवावा लागेल. घेण्याआधी कॅबिनेटमध्ये किती उंचीचा कूलर मावतो ते बघा; असे बरेच कूलर १५५ मिलिमीटरच्या आसपास उंच असतात.

खरखरणाऱ्या कॅबिनेट पंख्याला मागचं स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला तर काही आठवडे निभावतं, पुढे बदलावाच लागतो. आवाज एसएमपीएसमधून (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) येत असेल तर तेल वगैरे काही नको: वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागांत) जीवघेणा विद्युतदाब राहू शकतो. तो न उघडता वॉरंटीत द्या किंवा बदला.