वाचकांचे प्रश्न : चिठ्ठीतली चूक काउंटरवर पकडताना

प्रश्न : मी एका महाविद्यालयात डी. फार्म.च्या (औषधनिर्माण पदविकेच्या) वर्गाला शिकवते. औषधांच्या चिठ्ठीतील चुका ओळखण्याचा सराव सिम्युलेशनने, म्हणजे खऱ्यासारखा प्रसंग उभा करून, करून घ्यावा असे मनात आहे. परंतु यंत्रावर चालणारे पुतळे आणि तयार सॉफ्टवेअर आमच्या आवाक्याबाहेरचे आहेत. विद्यार्थी बहुतेक सातपुड्याकडच्या गावांतून येतात. सुरुवात कशी करावी?
– एक अध्यापिका, चोपडा

उत्तर : आपल्याला पुतळ्यांची गरज नाही. काउंटरवरची चूक पकडण्याच्या सरावासाठी एक टेबल, एक मांडणी, औषधांची रिकामी खोकी, मुदत संपलेल्या काही पट्ट्या आणि रुग्णाचे काम वठवणारा कोणीतरी एवढे पुरते. (अशा पट्ट्यांवर ‘केवळ सरावासाठी’ असा शिक्का मारून त्या कुलपात ठेवाव्यात.) प्रशिक्षित माणसाला रुग्णाची भूमिका देऊन शिकवण्याची पद्धत हॉवर्ड बॅरोज या अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञांनी १९६३ मध्ये सुरू केली, तीही खर्चिक यंत्रांवाचूनच.

प्रसंग मात्र नेमके निवडावेत. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चिठ्ठीत घाईने ‘रोज एक’ असे पडले आणि ते तसेच दिले गेले, तर तोंड येण्यापासून रक्तातील पेशी धोकादायकरीत्या घटण्यापर्यंत मजल जाते आणि रुग्ण दगावूही शकतो. ही चिठ्ठी घेऊन एखाद्या विद्यार्थिनीने आजीबाई होऊन यावे, काही विचारल्याखेरीज काही सांगू नये, आणि ‘आजी, ही गोळी कोणत्या वारी घेता?’ असे विचारल्यावरच अहिराणीत म्हणावे, ‘मी ती गोई रोज लेस, भाऊ.’ चिठ्ठी वाचून जे कळत नाही ते या एका प्रश्नाने कळते. आपल्या भागात रुग्ण अहिराणीत बोलतो, भिलोरी किंवा पावरी बोलतो, आणि अर्धी माहिती तिथेच दडलेली असते. म्हणून भूमिका त्या बोलींतूनच लिहून घ्याव्यात.

दुसरा प्रसंग इन्सुलिनचा. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि पेनच्या कार्ट्रिजमधले १०० युनिटचे. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. पेनची सुई संपली म्हणून कार्ट्रिजमधले इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे २० ऐवजी ५० युनिट अंगात जातात. हे फळ्यावर सांगू नये. पाणी भरून प्रत्येकाने स्वतः ओढून पाहावे आणि हिशेब स्वतः करावा. अडीचपट हा आकडा मग विसरला जात नाही.

लहान मुलांच्या पॅरासिटामॉलचेही तसेच. थेंबांच्या बाटलीत मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असते आणि साध्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅमचा डोस हवा असताना आईने थेंबांच्या बाटलीतून चमचाभर पाजले, तर ५०० मिलिग्रॅम पोटात जाते. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत, म्हणून त्यावरच्या हायड्रॉक्सीयुरियाची एक गिचमिड अक्षरातील चिठ्ठीही घालावी आणि मांडणीवर तिच्याशेजारी खाजेवरच्या हायड्रॉक्सीझिनचे खोके ठेवावे.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. बहुतेक ठिकाणी सरावातील प्रत्येक चिठ्ठीत एक चूक पेरलेली असते, आणि मुलांना ते दुसऱ्या दिवशीच उमगते. मग ती चूक शोधण्याचा खेळ खेळतात. खऱ्या दुकानात दिवसभर चिठ्ठ्या बिनचूक येतात आणि संध्याकाळच्या गर्दीत एखादी घातक निघते. जे क्वचित येते ते नजरेतून सुटते, हा मानवी नजरेचा स्वभावच आहे. म्हणून दहापैकी सात-आठ चिठ्ठ्या निर्दोष ठेवाव्यात, किती सदोष आहेत ते सांगू नये, मधूनच फोन वाजवावा, दुसऱ्या गिऱ्हाइकाने ‘फक्त एक पट्टी द्या, गाडी सुटेल’ असा तगादा लावावा. निर्दोष चिठ्ठी उगाच अडवली, तर तीही नोंदवावी. विनाकारण अडवणाऱ्याचा फोन पुढे कोणी गांभीर्याने घेत नाही.

सरावानंतरची चर्चा सरावाहून अधिक वेळ चालली तरी चालेल. ‘हे कसे सुटले?’ असे न विचारता ‘त्या क्षणी तुझे लक्ष कुठे होते?’ असे विचारावे, आणि पहिल्या काही फेऱ्यांना गुण देऊ नयेत. एकाच सत्रावर थांबू नये. काही महिन्यांनी तेच प्रसंग नव्या चिठ्ठ्यांतून पुन्हा आणावेत.

प्रश्न : मी प्रॅक्टिकल ट्रेनिंगसाठी एका मेडिकलमध्ये जातो. चिठ्ठीत शंका आली तरी डॉक्टरांना फोन करण्याचे धाडस होत नाही. मालक म्हणतात, ‘लिहिले आहे ते दे.’
– एक विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : आपली अडचण ज्ञानाची नाही, बोलण्याची आहे, आणि तिचाही सराव करता येतो. वर्गात शिक्षकांनी घाईतल्या, किंचित चिडलेल्या डॉक्टरांची भूमिका घ्यावी आणि आपण चार गोष्टी एका दमात सांगाव्यात: मी कोण, रुग्ण कोण, काय दिसले, काय सुचवतो. ‘नमस्कार डॉक्टर, अमुक मेडिकलमधून फार्मासिस्टच्या वतीने बोलतो. आपल्या संधिवाताच्या रुग्ण आजींच्या चिठ्ठीत मेथोट्रेक्झेट रोज असे लिहिले आहे. आठवड्यातून एकदा असे करायचे का?’ यात आरोप नाही आणि डॉक्टरांना एका शब्दात उत्तर देता येते. उत्तर मिळाल्यावर ते मोठ्याने परत म्हणून दाखवावे आणि वेळेसह लिहून ठेवावे.

मात्र प्रशिक्षणार्थी म्हणून शंका आधी दुकानातील नोंदणीकृत फार्मासिस्टकडे न्यावी, कारण प्रिस्क्रिप्शनवरची औषधे त्यांच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यावी लागतात. आपल्या मनाने चिठ्ठी दुरुस्त करण्याची किंवा डॉक्टरांना न विचारता औषध बदलून देण्याची मुभा नाही. खुलासा मिळेपर्यंत औषध थांबवणे आणि ‘मावशी, डॉक्टरांना विचारून देतो’ असे सांगणे, एवढे मात्र आपण नक्की करू शकता.

प्रश्न : माझे मेडिकल आहे. महाविद्यालयाच्या अशा सरावाला दुकानदार काय हातभार लावू शकेल?
– एक औषधविक्रेते, अमळनेर

उत्तर : आपल्याकडे ऐन वेळी लक्षात आलेल्या चुकांची एक वही ठेवा. रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव त्यात नको. कोणते औषध, काय गोंधळ झाला आणि तो कशामुळे लक्षात आला, एवढेच लिहा. दर सत्राला ती वही शिक्षकांना दाखवली, तर नव्या चिठ्ठ्या बेतायला त्यांना पुस्तके धुंडाळावी लागणार नाहीत. एकसारख्या वेष्टनाची खोकी आढळली, तर रिकामी झाल्यावर तीही जोडीने पाठवा.