जप करावा की गोळ्या घ्याव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ महिने झोप उडालेली, डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्यात आणि घरचे म्हणतात, ‘गोळ्या कसल्या खातोस, सकारात्मक विचार कर, रोज नाम घे.’ तेवढ्याने भागेल का?

नाही भागणार. पण नाम सोडा असंही मी म्हणणार नाही. मी डॉक्टर नाही, देवगड तालुक्यातला आंबा बागायतदार आहे. या वाटेवरून ठेचकाळत आलोय, म्हणून लिहितो.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. शेवटची तोड झाडावरच होती. सकाळी बागेत गेलो तर आंब्यांचा सडा आणि एकोणीस कलमं मुळासकट आडवी. दुःख करायला त्या दिवशी सवडच नव्हती. पडलेला आंबा गोळा करा, कॅनिंगला घाला, पंचनाम्याला आलेल्यांना चहा द्या. मन बसलं ते पुढच्या हंगामात, अवकाळी पावसाने मोहोर काळा पडल्यावर. रात्री तीनला जाग यायची ती यायचीच. जेवणाची चव गेली. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन कलमाखाली नुसता उभा राहायचो. बायको म्हणायची, ‘अहो, तो पंप तरी खाली ठेवा.’

अशात मुंबईच्या चुलतभावाने कुठलासा व्हिडिओ पाठवला. (कमळाच्या फुलाचा सुप्रभात संदेश तर रोज यायचाच.) ‘माझी बाग बहरली आहे, मी आनंदी आहे’ असं रोज एकवीस वेळा वहीत लिहायचं. लिहिलं की. खिडकीतून समोर बाग दिसत होती. दहा-अकरा ओळी झाल्या की हात थांबायचा. लिहितोय ते खोटं आहे हे मला दिसत होतं, आणि एवढं खोटंसुद्धा धड लिहिता येत नाही म्हणजे खोट आपल्यातच, असा आणखी एक विचार मागे लागला. पुढे वाचनात आलं की २००९ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं मनाशी घोकायला लावल्यावर, ज्यांना स्वतःबद्दल आधीच कमी वाटत होतं त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. ज्यांचं बरं चाललं होतं त्यांना थोडं बरं वाटलं. म्हणजे ज्याला गरज त्यालाच ते बाधतं. वही मी चुलीत घातली.

आई मात्र वेगळंच म्हणाली. ‘मनात कित्याक ठेवतस? चल देवळात, गाऱ्हाणा घालू.’

घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रारच, फक्त ती ग्रामदेवतेपुढे उभं राहून मोठ्याने करायची. तुमच्या वतीने गुरव किंवा गावचा मानकरी बोलतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला होकार भरतात. त्या सकाळी देवळात सहा माणसं होती. ‘बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराची बाग गेली...’ ‘व्हय म्हाराजा!’ ‘ह्याची झोप गेली, ह्याका वाट दाखव...’ ‘व्हय म्हाराजा!’ मी मान खाली घालून उभा. शरमेने कान तापले होते. झोप गेल्याचं मी तोवर गावात कुणालाच सांगितलं नव्हतं, आईनेच गुरवाच्या कानावर घातलं असणार. पण ‘अरे होईल सगळं ठीक’ असं त्या सहांपैकी एकही म्हणाला नाही. बाग गेली? व्हय. झोप गेली? व्हय. वर्षभरात पहिल्यांदा माझं खरं कुणीतरी खरं म्हणून ऐकून घेतलं. त्या रात्री झोप लागली असं मी सांगणार नाही, नाही लागली. पण पायरीवर चपला घालताना त्या सहांतला एकजण हळूच म्हणाला, ‘माका पण गोळ्यो चालू आसत.’ डॉक्टरचा पत्ता मला तिथे मिळाला.

आमच्या भागात या डॉक्टरकडे जायचं म्हणजे केवढी धास्ती! राज्याचं जुनं सरकारी मनोरुग्णालय रत्नागिरीत, त्यामुळे ‘ह्याका रत्नागिरीक धाडा’ हा आमचा ठेवणीतला विनोद. मी स्वतः तो कितीदा केलाय. प्रत्यक्षात ओपीडीत वीस मिनिटं बोलणं झालं आणि चिठ्ठी मिळाली, बस्स. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने गोळ्या सोडायच्या नाहीत. मी जपाचं विचारलं तर म्हणाले, ‘करा की. गोळीच्या जागी नको, गोळीबरोबर करा.’

ध्यान मला जमलं नाही, हेही सांगतो. डोळे मिटले की कर्जाचा आकडा समोर. मग संध्याकाळी आईबरोबर ओटीवर बसून रामरक्षा म्हणायला लागलो, मोठ्याने. तोंड गुंतलेलं असलं की डोकं फार भटकत नाही. त्यातले बहुतेक श्लोक अनुष्टुभ छंदातले, बत्तीस अक्षरांचे. आई एका श्वासात एक श्लोक म्हणते. घड्याळ लावून पाहिलं तर मिनिटाला सहा-सात श्लोक, म्हणजे श्वासही तेवढेच. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. २३ निरोगी माणसांना लॅटिन जपमाळ आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ म्हणायला लावलं, तर दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त चांगली काम करू लागली. देव कुठला याने फरक पडला नाही! अभ्यास लहान आहे, त्यात नैराश्य बरं झालं असं कुठेही म्हटलेलं नाही. माझी छातीतली धडधड मात्र संध्याकाळपुरती खाली यायची, आणि तेवढी सवड मला पुरायची.

एक धोका लक्षात ठेवा. मध्यंतरी एक दिवस रामरक्षा चुकली आणि ‘आता काहीतरी वाईट होणार’ या भीतीने मी रात्री बाराला उठून म्हणायला बसलो. साधनेचीच धास्ती वाटायला लागली तर तेही डॉक्टरांना सांगा, लपवू नका. मी सांगितलं. ते हसले नाहीत, गोळीच्या बरोबरीने बोलण्याचे उपचारही सुरू केले. आणि ‘तुझी श्रद्धा कमी पडते’ असं म्हणणाऱ्या माणसाला, तो कितीही जवळचा असो, या विषयात दाद देऊ नका.

तर गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. घरच्यांना एकदा डॉक्टरांसमोर बसवा, निम्मा वाद तिथेच मिटतो. रात्री-अपरात्री फारच घालमेल झाली, जीव नकोसा वाटला, तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. मी दोनदा केलाय.

आमच्या गावात हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस नाम अखंड चालू ठेवायचं, वाड्यांनी आळीपाळीने पहारे द्यायचे. त्या वर्षी आमच्या वाडीला पहाटे तीन ते सहाचा पहारा आला. मी तसाही जागाच असायचो, निदान टाळ हातात आले आणि सोबतीला दहा-बारा माणसं. यंदाही वेळ तीच आली आहे. फक्त आता गजर लावावा लागतो, आणि गेल्या खेपेला तोही ऐकू आला नाही म्हणून शेजाऱ्याने खिडकीवर काठी आपटून उठवलं.