जुन्या बुलेटला सीलंट लावताना

भावा, सीलंट म्हणजे जोडातून ऑईल गळू नये म्हणून लावायचा सिलिकॉनचा लेप; त्याची ट्यूब पिळायच्या आधी इंजिनच्या जोडाची दोन्ही तोंडं साफ कर. जुना पॅकिंग पेपर स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नकोस, ॲल्युमिनियमला चर पडला की तिथूनच ऑईल झिरपणार. थिनर लाव, भिजू दे, मग लाकडी पट्टीने हळूच काढ.

क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनच्या खालच्या खोक्याच्या, जोडावर सीलंटचा थर अगदी पातळ हवा, बोटाने पुसल्यासारखा. जास्तीचं बाहेर आलेलं आपल्याला दिसतं, पण तेवढंच आतही गेलेलं असतं. माझ्या पहिल्या इंजिनात असाच एक गोळा सुटून ऑईलच्या वाटेत अडकला होता. टायमिंग कव्हरमधून, म्हणजे टायमिंगच्या गिअरवरच्या झाकणातून, ऑईलची वाट जाते, तिथे कागदी गॅस्केटच (पॅकिंग पेपर) बसव, पण त्याची भोकं क्रँककेसच्या भोकांशी जुळतात का ते आधी डोळ्याने बघ. हेड गॅस्केटला, म्हणजे सिलिंडर आणि त्यावरच्या हेडमधल्या पॅकिंगला, सिलिकॉन अजिबात नको.

आणि घाई करू नकोस. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावर पिकतं, म्हणजे घट्ट होतं. आपल्या सोलापूरची मे महिन्यातली हवा कोरडी ठणठणीत, म्हणून निदान 24 तास गाडीला किक मारू नकोस. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळ. अडलास तर इंजिन घेऊन ये, बसू दोघं.