वाचकांचे प्रश्न : पडता भाव आणि ट्रेनरची वही

प्रश्न : पुण्यातल्या घोड्यांच्या शर्यतींच्या पावसाळी सीझनला अधूनमधून कोल्हापूरहून जातो. रिंगमध्ये, म्हणजे बुकी (भाव लावून बाजी घेणारे) बसतात तिथं, शेवटच्या दहा मिनिटांत ज्याचा भाव झपाट्याने उतरतो, तो घोडा लावतो. घोडे जिंकतातही, पण हिशेब तोट्याचाच. का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : भाव टक्क्यांत मांडा, मग हालचाल कळेल. ८/१ म्हणजे जिंकल्यास एक रुपयाला आठ रुपये नफा आणि लावलेला रुपया परत; म्हणून जिंकण्याची शक्यता १ भागिले ९, अर्थात ११.१ टक्के. ४/१ म्हणजे २० टक्के. ८ चा ४ झाला तर घोडा जवळपास ९ टक्क्यांनी वर गेला. १० चा ८ झाला तर फक्त २ टक्क्यांनी. उलट १/१ चा घोडा ८० पैशांवर (रुपयाला ८० पैसे नफा) आला तर ५० चे ५५.६ होतात. फळ्यावर फरक २० पैशांचा, म्हणून तो पुष्कळांच्या नजरेतून सुटतो.

मग शर्यतीतल्या सगळ्या घोड्यांच्या टक्क्यांची बेरीज करा. ६/४, ५/२, ४/१, ६/१, ८/१ आणि १२/१ असे सहा घोडे असतील, तर ती सुमारे १२२ भरते. शंभरावरचे २२ बुकीचे. म्हणजे ६/४ चा फेवरिट (सर्वांत कमी भावाचा घोडा) ४० टक्क्यांचा दिसला तरी बाजाराच्या लेखी तो ४० भागिले १.२२, म्हणजे ३३ चाच.

इथं एक फसगत नेहमी होते. हाच फेवरिट ऐनवेळी शर्यतीतून काढला, की बाकीचे भाव आपोआप खाली येतात; ८/१ चा घोडा ५/१ च्या आसपास जातो. त्यात तबेल्याचा, म्हणजे घोड्याच्या आतल्या माणसांचा, एक रुपयाही नसतो. घोडा काढण्याआधीचे आणि नंतरचे भाव वेगळे लिहून ठेवा.

तुमचा तोटा मात्र मुख्यतः वेळेमुळे होतो. ज्याने ८/१ ला लावला त्याला खबरीचा फायदा मिळाला. तुम्ही ४/१ ला लावता तेव्हा ती खबर भावात मुरलेली असते. टोटवर (सगळ्यांच्या बाज्या एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणारी खिडकी) तर आणखी अवघड, कारण तिथं खरा भाव खिडकी बंद झाल्यावरच ठरतो.

प्रश्न : ट्रेनरची नोंद कशी ठेवावी?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : ‘विसात पाच जिंकले’ एवढ्यावरून काही कळत नाही. पेसी श्रॉफ यांच्यासारख्या नावाजलेल्या ट्रेनरचे घोडे जिंकतात हे सगळ्या रिंगला ठाऊक असतं, त्यामुळे त्यांचे भाव आधीच आखडलेले असतात. कोणता ट्रेनर कोणत्या परिस्थितीत घोडा तयार करून आणतो, हे शोधायचं आहे.

प्रत्येक घोड्यापुढे लिहा : पहिल्यांदाच पळतोय का, मोठ्या खंडानंतर आलाय का, रेटिंग (कामगिरीवरून मिळणारे गुण) घसरून खालच्या वर्गात उतरलाय का, अंतर बदललंय का, ब्लिंकर्स (डोळ्यांची झापडं) पहिल्यांदा लावलेत का, जॉकी कोण. शेजारी पहिला आणि शेवटचा भाव. पुणे आणि मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सची पानं वेगळी ठेवा. इंडियन डर्बी ही मानाची शर्यत फेब्रुवारीत महालक्ष्मीला होते. तिच्यासाठी राखलेला तीन वर्षांचा घोडा पुण्यात पूर्ण तयारीनिशी उतरेलच असं नाही.

आता प्रत्येक घोड्याची, शेवटच्या भावावरून बुकीचा हिस्सा काढून आलेली टक्केवारी बेरजेत घ्या आणि ती प्रत्यक्ष विजयांशी ताडून पाहा. समजा, एका ट्रेनरच्या ५० घोड्यांची बेरीज ८२० टक्के, म्हणजे ८.२ विजय निघाली आणि प्रत्यक्षात ११ जिंकले. प्रमाण ११ भागिले ८.२, म्हणजे १.३४. आकडा छान दिसतो, पण ५० घोड्यांत दोन-तीन विजय नुसत्या नशिबानेही इकडचे तिकडे होतात. २०० नोंदींआधी निष्कर्ष काढू नका.

त्यात कर आहे. बाजीच्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. १०० च्या बाजीला १४० मोजावे लागतात असं धरलं, तर ४/१ ला ५०० परत येतात. बरोबरी साधायलाच घोडा २८ टक्के वेळा जिंकायला हवा. पहिल्या उत्तरातल्या सहा घोड्यांच्या उदाहरणात बाजार ४/१ च्या घोड्याला १६ टक्के देतो. म्हणजे तुमच्या वहीतलं प्रमाण १.७ च्या पुढे हवं. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर वेगळा, आणि हरलेल्या बाज्यांची वजावट त्यात मिळत नाही. आमचं स्पष्ट मत असं, की वही अभ्यासाच्या गोडीने जरूर ठेवा, पण कमाईचं साधन म्हणून त्यात पैसा घालू नका.

प्रश्न : इथंच फोनवर भाव देणारे आहेत, तिथं कर लागत नाही. चालेल का?
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : नाही. महाराष्ट्रात घोड्यावरची बाजी परवानाधारक रेसकोर्सच्या ठरवून दिलेल्या जागी, टोटवर किंवा परवाना असलेल्या बुकीकडेच कायदेशीर आहे. बाकी सगळं जुगारबंदी कायद्याखाली येतं, आणि मोठी रक्कम जिंकल्यावर त्या माणसाने फोन बंद केला, तर तुम्हाला कुठंही दाद मागता येत नाही.